सोप्यावरचे पाहुणे

“धिस इज नॉट रिअल इंडिया.” पणजीत नोकरी करणाऱ्या माणसाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेले असतेच. मी पंचवीस वर्षे सरकारी कारकुनी करतो आहे आणि आमच्या खात्याकडे कुठल्या ना कुठल्या कागदासाठी परदेशी माणसे येत असतात, त्यामुळे माझ्या वाट्याला ते जरा जास्तच आले. काहीजण कौतुकाने म्हणतात, म्हणजे इथे किती शांत आहे, किती मोकळे आहे, हा खरा इंडिया नव्हेच. काहीजण तक्रारीच्या सुरात म्हणतात, जणू तिकिटाचे पैसे घेऊन आम्ही त्यांना भलताच खेळ दाखवला. गंमत अशी की म्हणणाऱ्याने बहुधा दुसरा इंडिया पाहिलेलाच नसतो. १९८७ पासून युरोपातून चार्टर विमाने थेट दाबोळीला उतरू लागली. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळही सुरू झाला. माणूस आपल्या गावी विमानात बसतो आणि डोळे चोळत उतरतो तो गोव्यात. दिल्ली नाही, मुंबई नाही, काशी नाही. भारत नावाच्या एवढ्या मोठ्या देशाची त्याची पहिली ओळख म्हणजे आमची ही चिमुकली राजधानी, फोंतेन्हासमधली रंगीत घरे, आल्तिन्होचा चढ आणि पुढे किनारा.

बाहेरचे आपलेच लोक काही कमी नाहीत. “गोवा म्हणजे फॉरेनच हो,” असे मला पुण्याच्या एका गृहस्थांनी अगदी आपुलकीने सांगितले होते. त्यांना काय सांगणार? माझे रेशनकार्ड कुठल्या देशाचे आहे ते काढून दाखवणार?

पूर्वी या वाक्याचा नुसता राग यायचा. मग इतिहासाची पुस्तके वाचायची सवय लागली (कारकुनाला दुपारी दीड ते दोन हा वेळ मिळतो आणि आमच्या वाचनालयात जुनी पुस्तके चांगली आहेत), तेव्हा ध्यानात आले की हा प्रकार आजकालचा नाही. परदेशी माणसाने भारताचा उंबरठा गोव्यात ओलांडायचा आणि त्यावरून अख्ख्या देशाची कल्पना करायची, याला साडेचारशे वर्षांवर वर्षे झाली.

मी म्हार्दोळहून रोज बसने पणजीला जातो. बाणस्तारीचा पूल ओलांडला की तिसवाडी सुरू होते आणि थोड्या वेळात जुने गोवे येते. बसमधून आज जे दिसते ते म्हणजे मोठमोठी चर्चे, हिरवळ, पार्क केलेल्या टुरिस्ट गाड्या आणि शहाळेवाले. शहर नाही. पण इथे एके काळी शहर होते, आणि असे होते की ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही अशी म्हण पोर्तुगालात पडली होती. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने ते आदिलशहाकडून जिंकले आणि १५३० मध्ये कोचीहून राजधानी इथे आली. पुढे शंभर वर्षे पूर्वेकडच्या साऱ्या पोर्तुगीज कारभाराची सूत्रे याच गावातून हलत होती.

लिस्बनहून जहाजे वर्षातून एकदा निघत, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, आणि वाऱ्याने साथ दिली तर सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीच्या मुखाशी येत. सहा महिने समुद्रावर, सडके पाणी, हिरड्या सुजलेल्या, निम्मे सोबती वाटेत दर्यार्पण झालेले. अशा माणसाला नदीतून वर येताना प्रथम माड दिसायचे, मग पांढरी चर्चे, आणि धक्क्यावर उतरले की समोर व्हाइसरॉयची कमान. आत शिरले की रुआ दिरेइता, म्हणजे सरळ रस्ता. तिथे रोज सकाळी दोन तास लिलाव भरे. अरबी घोडे, मसाले, चिनी वस्तू, जडजवाहीर, आणि विकायला आणलेली माणसेसुद्धा. आजारी असेल तर राजाचे इस्पितळ. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच माणूस १६०८ साली त्यात दाखल झाला होता. जगात याहून चांगले इस्पितळ नसेल असे त्याला वाटले, कारण रोग्याला चिनी मातीच्या भांड्यांतून जेवण मिळत होते. त्याच रस्त्यावरून कालपर्यंत लिस्बनमध्ये उपाशी असलेला शिपाई छत्रीधारी नोकर मागे घेऊन ऐटीत चाललेला दिसे. एका घरात दहाजण राहात आणि चांगले कपडे दोन-चारच असत, तेव्हा जो बाहेर पडेल त्याने ते घालायचे, असे त्या काळच्या प्रवासवर्णनांत आहे. केप ऑफ गुड होप ओलांडला की प्रत्येक पोर्तुगीज उमराव होतो, असा टोमणा तावेर्निएने मारला तो काही उगाच नाही.

आता सांगा, हे शहर भारतीय होते का? मी तर म्हणेन, लिस्बनसारखेही नव्हते आणि विजापूरसारखेही नव्हते. असे शहर दुसरीकडे कुठेच नव्हते. आणि हजारो युरोपीयांसाठी भारताची पहिली पायरी तीच होती.

या सगळ्यात मला एका वर्षाने फार दिवस धरून ठेवले आहे. ते वर्ष १५८३. त्या वर्षीच्या डिसेंबरात या एका गावात असे काही परदेशी एकत्र आले होते की कुणी नाटककाराने जमवून आणले असते तर आपण म्हटले असते, हे जरा अतीच झाले.

पहिला यान हॉयखेन व्हान लिन्शोटेन. वीस वर्षांचा डच तरुण. नव्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून तो सप्टेंबरात गोव्यात उतरला. म्हणजे धंद्याने माझा भाऊबंदच, साहेबांची पत्रे लिहिणारा. दुसरा टॉमस स्टीफन्स, जेझुइट पाद्री, १५७९ च्या ऑक्टोबरात आलेला. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. आणि तिसरी टोळी चार इंग्रजांची: जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी. व्यापाराची वाट शोधत निघालेले हे लोक. न्यूबेरीजवळ राणी एलिझाबेथचे अकबर बादशहाच्या नावचे पत्र होते. होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर समजून पकडले आणि गोव्याला आणून तुरुंगात टाकले. त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्सने खटपट केली, लिन्शोटेननेही आर्चबिशपकडे शब्द टाकला, आणि नाताळच्या सुमारास ते जामिनावर सुटले.

एकच गाव, एकच महिना, तीन तऱ्हेची माणसे. त्यांना दिसलेला देश मात्र एक नाही.

लिन्शोटेन पाच वर्षे राहिला. हुशार, चौकस, डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस. लिलावाचा बाजार, पालखीतून चर्चला जाणाऱ्या बायका, माडाचे शंभर उपयोग, सोनार, वाणी, वैद्य, सगळे त्याने टिपले आणि चित्रेही काढली. नवऱ्याला धोत्रा घालून गुंगवून आपला कार्यभाग साधणाऱ्या शहरातल्या बायकांच्या गोष्टी तर त्याने अशा रंगवून सांगितल्या आहेत की त्या त्याला चिटणीसाच्या टेबलावरच ऐकायला मिळाल्या असणार. सरकारी कचेरीत अशा गोष्टी पहिल्या येतात हे मी अनुभवाने सांगतो. पण तो राहिला शहराचा माणूस. शहरात हिंदूंना उघडपणे लग्न लावायला, प्रेत जाळायला बंदी होती हे त्याने नोंदवले आहे. या गोष्टींसाठी माणसे पाणी ओलांडून पलीकडे जात. हा एकदा सोबत्याबरोबर सहलीला म्हणून पलीकडच्या मुलखात गेला आणि एका गावच्या देवळात डोकावला. आतली मूर्ती त्याला सैतानासारखी भेसूर दिसली. संपले. परत शहरात आला.

त्याचे पुस्तक १५९६ मध्ये आम्स्टरडामला छापले गेले, दोन वर्षांत इंग्रजी आणि जर्मन भाषांतरे झाली. पोर्तुगिजांनी जपून ठेवलेल्या समुद्रवाटांची माहिती त्याने उघड केल्यामुळे डच जहाजे पूर्वेकडे सुटली आणि पुढे त्यांनीच गोव्याची नाकेबंदी करून या शहराचे कंबरडे मोडले, हा भाग वेगळा. माझ्या विषयापुरते एवढेच की उत्तर युरोपातल्या कितीतरी घरांत पुढची अनेक वर्षे भारत म्हणजे लिन्शोटेनची चित्रे होती. आणि त्या चित्रांतला भारत बव्हंशी आमच्या रुआ दिरेइतावर उभे राहून पाहिलेला होता.

फिचची गोष्ट उलटी. त्याने गोवा पाहिला तो तुरुंगाच्या बाजूने. जामिनावर सुटल्यावर पुन्हा अडकण्याची भीती वाटू लागली तेव्हा काही महिन्यांनी तो, न्यूबेरी आणि लीड्स नदी ओलांडून पळाले. जेम्स स्टोरी मात्र मागे राहिला. तो चित्रकार होता. जेझुइटांच्या चर्चमध्ये त्याला काम मिळाले आणि पुढे त्याने इथेच लग्न करून दुकान थाटले, असे लिन्शोटेन सांगतो. भारत शोधायला निघालेला माणूस गोव्यात बायको करून राहिला. आजही असे दोन-चार मला माहीत आहेत. बाकीचे तिघे बेळगावावरून विजापूर, गोवळकोंडा, बुऱ्हाणपूर करत फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या राजधानीत पोचले. तिथे लीड्स बादशहाच्या पदरी जवाहिऱ्या म्हणून राहिला. न्यूबेरी परतीच्या वाटेवर नाहीसा झाला. फिच एकटा बंगाल, पेगू, मलाक्का हिंडून १५९१ साली लंडनला परतला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांनी त्याचा सल्ला घेतला.

म्हणजे या माणसाने “रिअल इंडिया” पाहिला म्हणायचे का? तो दिसेल तिकडे गेला खरा. पण त्याचे वर्णन वाचताना मला आमच्या स्टोअरकीपरच्या नोंदवहीची आठवण येते. बेळगावात काय, तर हिरे-माणकांचा बाजार. अमुक गावी काय, तर कापूस चांगला. तमुक गावी काय, तर कापड स्वस्त. शिवाय बराचसा मजकूर त्याने त्याच्या आधी येऊन गेलेल्या चेझारे फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या पुस्तकातून उचललेला आहे. आधी गेलेल्याच्या वहीतून उतरवून घ्यायची प्रवाशांची सवय जुनीच दिसते. सांगायचा मुद्दा, शहराबाहेर पडले की देश दिसतोच असेही नाही. जो माल पाहायला निघाला त्याला माल दिसतो.

आता स्टीफन्स. हा गोव्यात उतरल्यावर अडीच आठवड्यांतच त्याने वडिलांना पत्र लिहिले. ते जवळजवळ सगळे समुद्रप्रवासाबद्दल आहे. वादळे, मासे, पक्षी, आजार. शेवटी इथल्या लोकांबद्दल आणि माडाच्या दारूबद्दल थोडकेसे. चार्टरने आलेला माणूस पहिल्या संध्याकाळी घरी फोन करून जे सांगेल तेच. पण पुढे त्याला साष्टीत पाठवले आणि तो शहरातून खेड्यात गेला. भाषा शिकला. चार वर्षांनी, १५८३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे लिन्शोटेन नुकताच येऊन सामान लावत होता त्या दिवसांत, स्टीफन्स आपल्या भावाला लिहितो की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. पंडितांनी हे जगाला समजावून सांगायला अजून दोनशे वर्षे लागायची होती. आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मराठीत. त्यात त्याने मराठीची जी थोरवी गायली आहे ती आम्ही शाळेत पाठ केलेली असते, मी इथे पुन्हा सांगत नाही.

तरी स्टीफन्सची आरती ओवाळायला माझी जीभ सहज उचलत नाही. त्याच १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले होते. त्याच्या आधी साष्टीतली देवळे मोडली होती. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. स्टीफन्स होता तो त्याच मिशनचा माणूस, आणि तो भाषा शिकला ती आमच्या लोकांचा धर्म बदलण्यासाठी. आमची म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली ती त्याच दशकांतल्या धामधुमीत. हे सगळे खरे आहे. आणि हेही खरे आहे की त्या तिघांपैकी ज्याला इथल्या माणसाचे बोलणे आतून ऐकू आले तो हाच. चाळीस वर्षे राहिला, इथेच १६१९ मध्ये मेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात हे पचवायला मला बराच काळ लागला.

आमच्याकडे जुन्या घरांना दाराबाहेर दोन्ही बाजूंना सोपो असतो. वाटेने जाणारा येतो, सोप्यावर टेकतो, तांब्याभर पाणी पितो, चार गोष्टी बोलतो आणि उठतो. त्याने घर पाहिले असे कुणी म्हणणार नाही. पण सोपो घराचा नव्हे असेही कुणी म्हणणार नाही. जुने गोवे हा भारताचा सोपो होता आणि आज पणजी-कळंगुट तेच काम करते. लिन्शोटेन पाच वर्षे सोप्यावर बसला. फिच सोप्यावरून उठून घराच्या मागच्या कोठारापर्यंत जाऊन आला. स्टीफन्स स्वयंपाकघरात शिरला, तोही घरमालकाची परवानगी न विचारता.

आणखी एका पाहुण्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिएत्रो देल्ला व्हाल्ले, रोमचा रईस. हा १६२३ साली सुरतेवरून गोव्याला आला. इथून पोर्तुगीज वकिलाबरोबर होनावर, गेरसोप्पे करत इक्केरीच्या नायकाकडे गेला. वाटेत घाटातल्या एका गावी मुक्काम पडला. देवळाच्या ओसरीत चार मुले शिकत बसली होती. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली, मुले एका सुरात पाढा म्हणतात आणि बोटाने वाळूत आकडे काढतात. वाळू भरली की पुसून नवी पसरतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी जी धुळाक्षरे गिरवली तीच ही. त्याने मुलांना विचारले, गुरुजी तर दिसत नाहीत, मग चुकलात तर सांगणार कोण? मुले म्हणाली, चौघेही एकाच जागी एकदम कसे चुकू? तो खूष झाला आणि सगळे लिहून ठेवले. बादशहा नाही, हिरे नाहीत, सती नाही; ओसरीवर बसलेली चार पोरे. चारशे वर्षांनंतर मी ते वाचतो तेव्हा मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू येतो. परदेशी माणसाने लिहिलेले वाचून “हो, हे आम्ही” असे वाटावे, असे फार थोड्या वेळा घडते.

इथवर पाहुण्यांचे झाले. यजमानांचे काय? माझी खरी काळजी तिथे आहे.

माझी मुलगी नववीत होती तेव्हा जागतिक पर्यटन दिनाला शाळेत चित्रस्पर्धा होती. विषय ‘माझा गोवा’. तिला दुसरे बक्षीस मिळाले म्हणून चित्र घरी आणले. सुरेख काढले होते. समुद्र, माड, रंगीत छत्री, पांढरे चर्च, काजूचा बोंडू, कोपऱ्यात गिटार. मी बघत राहिलो. ही मुलगी म्हाळसेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर वाढली. हिने शिगम्याला रोमट पाहिले आहे, आजोबांच्या शेजारी बसून गावच्या नाटकाच्या तालमी पाहिल्या आहेत. समुद्रावर आम्ही वर्षातून दोनदा जातो. मी विचारले, “आमचें म्हार्दोळ खंय गो हांतूंत?” तिने अगदी सहज उत्तर दिले, “पप्पा, आमचें घर पळोवंक कोण येता?”

या वाक्याने मला “नॉट रिअल इंडिया”पेक्षा जास्त लागले. पाहुण्याने सोप्यावरून घराचा अंदाज करावा, ठीक आहे, तो पाहुणा आहे. पण घरातल्या मुलीने सोप्यालाच घर समजावे?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे मडगावच्या माझ्या सहकाऱ्याला सांगितले. तो ख्रिस्ती, माझ्याच वयाचा. माझा सूर थोडा असा लागला होता की चर्च आहे, देऊळ नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “तुझें देवूळ ना तें खरें. पूण म्हजें घर तरी खंय आसा त्या चित्रांत?” मग बोटे मोडत सांगू लागला. चर्चचा दर्शनी भाग आहे, पण त्याच्या वाड्यावरच्या खुरसापुढची लादाईन नाही. तियात्र नाही. सांजावांला विहिरीत उड्या मारणारी पोरे नाहीत. पेजेची वाटी नाही. त्या चित्रातले चर्च रिकामे आहे, तो म्हणाला, आत कोणीच नाही. तेव्हा मला कळले की आमच्या दोघांची तक्रार एकच आहे. फोंतेन्हासमधल्या काही रहिवाशांनी अलीकडे दारांवर “फोटो काढू नका” अशा पाट्या लावल्या आहेत, त्यांचीही तीच. लोक भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात. भिंतीमागे कुणी म्हातारे माणूस दुपारचे झोपले असेल हे त्यांच्या गावीच नसते.

पण सगळेच सोप्यावरून परतत नाहीत. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका एका कागदासाठी आमच्याकडे चार-पाच खेपा घालत होती. कुठल्याशा साहेबांची सही राहिली होती आणि साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला तिने चिडण्याऐवजी मला विचारले, तुम्ही राहता कुठे? मी गावाचे नाव सांगितले, बस कुठे मिळते तेही सांगितले. ऑगस्टचा महिना होता, आणि ती खरोखरच जायांच्या पूजेला आली. देवळात जाईच्या फुलांचा तो घमघमाट, बाहेर पाऊस. ती एका खांबाला टेकून बसली आणि भजन संपेपर्यंत हलली नाही. मग वही काढून मला विचारू लागली. हे गाणे कुठल्या भाषेत? मराठी. तुम्ही बायकोशी बोललात ते? कोकणी. भटजी म्हणत होते ते? संस्कृत. ऑफिसात कागद लिहिता ते? इंग्रजी. तुमच्या आजोबांची शाळा? पोर्तुगीज. तिने एकेक लिहिले, वर रेघ ओढून काहीतरी मथळा दिला होता तो खोडला, आणि विचारले, ही देवी इथलीच का? मी म्हटले, नाही, वेर्ण्याची, नदीपलीकडून आली. कधी? साडेचारशे वर्षे झाली असतील. “म्हणजे ती अजून पाहुणी?” मी म्हटले, आम्ही सगळेच तिच्याबरोबर आलेले. तिने वही मिटली. रिअल इंडिया आहे की नाही, याबद्दल ती काहीच बोलली नाही. निघताना मुलीला म्हणाली, तुझे घर मला आवडले. मुलगी घर आवरू लागली, पाहुणी गेल्यावर!

तेव्हापासून मला वाटते, पहिल्या नजरेला दोष देण्यात अर्थ नाही. दार कुठले मिळावे हे आलेल्याच्या हातात नसते. कुणाला गोवा मिळतो, कुणाला दिल्ली मिळते, आणि दिल्ली तरी कुठे अख्खा भारत आहे? खरा भारत म्हणून ज्याच्या मनात साधू आणि हत्ती आहेत त्यानेही ते कुणाच्या तरी सोप्यावरूनच पाहिलेले असतात. बाणस्तारीला पूर्वी पोर्तुगिजांची चौकी होती. तो ओहोळ म्हणजे एका राज्याची हद्द, त्यापलीकडे आमचा अंत्रूज महाल. १७६३ पर्यंत तो पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. मी रोज दोनदा बसमध्ये पेंगत ती हद्द ओलांडतो, आणि मला एकाही बाजूला “हा भारत, तो भारत नव्हे” असे म्हणता येत नाही. अवघे पंधरा-वीस मिनिटांचे अंतर आहे. पाहुण्याने ते ओलांडावे असे वाटत असेल तर पलीकडे काहीतरी आहे हे आधी आमच्या पोरांना माहीत हवे.

आता उलटे पाहा. आमच्या शेजारचा एक मुलगा २०१२ साली पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. आजोबा १९६१ पूर्वीचे, त्या आधारावर. पोर्तुगाल त्याने पाहिला नाही. गेला तो थेट स्विंडनला, जिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. इंग्लंडबद्दल त्याच्या डोक्यात होते ते राणीचा राजवाडा, लाल बस आणि बिग बेन. दिसले ते गोदाम, रात्रपाळी, पाऊस, आणि पाच छोटी सर्कले एका मोठ्या सर्कलाभोवती फिरणारा तिथला तो प्रसिद्ध चौक, ज्यात पहिल्या दिवशी त्याला घेऊन जाणारा गोंयकार ड्रायव्हरच दोनदा चुकला. पहिल्याच आठवड्यात बरोबर काम करणारा इंग्रज त्याला म्हणाला, स्विंडन बघून मत बनवू नकोस, हे काही खरे इंग्लंड नव्हे. हे त्याने फोनवर सांगितले तेव्हा मी इतका हसलो की त्याला वाटले लाईन बिघडली.

गेल्या वर्षी चतुर्थीला तो घरी आला होता. माटोळी बांधताना कुणीतरी विचारलेच, “कसे आहे रे इंग्लंड?” तो म्हणाला, इंग्लंड मला ठाऊक नाही. आमच्या रस्त्यावर एक म्हातारी आहे, एकटी राहते, तिचा कचऱ्याचा डबा दर मंगळवारी मी बाहेर काढून ठेवतो आणि ती मला तिच्या बागेतली सफरचंदे देते. तिच्याबद्दल विचारा, वाटेल तेवढे सांगतो. आणि खरोखर सांगत बसला, माटोळी बांधून संपेपर्यंत.